सीतारामचे ओठ

गोपाळकृष्णांनी बारीक ब्रश रंगात बुडवला आणि सीतारामच्या उघड्या तोंडातला काळोख बुजवायला घेतला. कंपनीच्या स्वागतकक्षात स्टुलावर उभं राहून त्यांचे गुडघे भरून आले होते. खाली कॉफीचे कप घेतलेली पोरं, सर लाइव्ह पेंट करतायत, असं एकमेकांना कौतुकानं सांगत होती.

चित्र नऊ फुटी होतं. दगडी उतारावर सात जखमी जवान स्ट्रेचरची वाट बघत पडलेत आणि मधला सीताराम ओरडतोय. सीताराम खराच होता. चार वर्षांपूर्वी कारगिलच्या लढाईत त्यानं प्राण सोडला तेव्हा त्याच्या शेजारी कोंडीराम जखमी होऊन पडलेला होता. कोंडीराम एक पाय गमावून परतला आणि आता याच कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत होता. वर्षभर दर रविवारी तो कर्वेनगरला गोपाळकृष्णांच्या घरी येऊन आठवेल ते सांगायचा आणि हे निवृत्त चित्रकला शिक्षक काढत बसायचे. आधी हात, मग चेहरा, ही त्यांची जुनी पद्धत. ओरडणारा चेहरा कुणीही काढतो, हात काढून दाखवा, असं ते वर्गातल्या पोरांना सुनवायचे.

कंपनीनं चित्र हौसेनं विकत घेतलं आणि भिंतीवर लागल्यावर तिची पाचावर धारण बसली. अभिनव नावाचा तरुण मॅनेजर दोनदा घरी येऊन गेला.

"सर, पेंटिंग ऑसम आहे. पण क्लायंट तिथे बसून कॉफी पितात. थोडं पॉझिटिव्ह करता येईल का?"

"येईल की. हे उतरवा आणि सूर्यफुलं लावा."

त्यावर विषय संपला असता. पण पंधरा ऑगस्टला सीतारामच्या आईचा, तुळजाबाईचा, चित्रापुढेच सत्कार करायचं ठरलं आणि रविवार नसताना कोंडीराम दारात उभा राहिला.

"सर, त्याचं तोंड मिटवा."

"अभिनवनं पाठवलं तुला?"

"नाही. म्या त्याच्या मायले सांगतलं हाये, गोळी लागली अन् जागीच गेला. दीड तास ओरडत होता, हे तिले माहीत नाही. ते माहीत झालं तं ती जगणार नाही, सर."

गोपाळकृष्णांना त्याचा भयंकर राग आला. वर्षभर खपून खरं ते काढलं, आणि जिनं पाहायला हवं तिच्यापासूनच ते लपवायचं. पण हे कोंडीरामच्या तोंडावर म्हणायची हिंमत त्यांना झाली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंगपेटी उचलली.

ओठ मिटले, कपाळावरच्या आठ्या गेल्या, पट्ट्यांवरचं रक्त फिकट झालं. किती पीसफुल दिसतोय, असं अभिनव म्हणाला. सीतारामच्या हाताला मात्र गोपाळकृष्णांनी ब्रश लावला नाही. तसं कुणी सांगितलंही नव्हतं. शिवाय उभ्या आयुष्यात त्यांना असा हात दुसरा जमला नव्हता. एवढं तरी आपलं राहू दे, असं त्यांना वाटलं. जाता जाता त्यांनी 'चित्रास हात लावू नये' ही पाटी स्वतःच्या अक्षरात लिहून खाली लावली.

पंधरा ऑगस्टला भाषणं झाली. शाल, श्रीफळ झालं. तुळजाबाईला हात धरून चित्रापाशी नेलं. तिनं चेहरा पाहिला, पदरानं डोळे टिपले, आणि कोंडीरामचा श्वास सुटलेला मागे उभ्या गोपाळकृष्णांना ऐकू आला. सगळं निभावलं होतं.

मग तिची नजर खाली उतरली आणि तिथेच राहिली. पाटीकडे न बघता तिनं सीतारामच्या मुठीवर बोट ठेवलं.

"अंगठा आत धरला."

कुणाला काही कळलं नाही. सीतारामनं हात कसा आवळला होता ते कोंडीरामनं एका रविवारी मूठ करून दाखवलं होतं आणि गोपाळकृष्णांनी ती मूठ दिसली तशी काढली होती. त्यात अंगठा चार बोटांच्या आत होता.

"लहानपणी पायातला काटा काढताना असाच धरे," ती म्हणाली. "लय दुखलं की मंगच. नाईतर नाही."

फोटोवाला तिला इकडे बघायला सांगत होता. तिनं त्याच्याकडे पाठच ठेवली.

"कोंडीराम, किती वेळ जिता होता रे तो?"

कोंडीराम कुबडीवर भार देऊन फरशीकडे बघत राहिला. अभिनवला वाटलं कार्यक्रम संपला, म्हणून त्यानं टाळ्या सुरू केल्या, आणि मागच्या रांगांतून सगळ्यांनी त्या उचलून धरल्या.