शिरा दाखवणारा दिवा

रुचिताला मेंदूज्वर झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचे वडील दर्शन डहाणू रोड स्टेशनात तिकीट खिडकीवर असतात, आई दक्षा जवळच्या वेवजी गावातल्या शाळेत शिक्षिका. मुंबईच्या मुलांच्या हॉस्पिटलात ती तेवीस दिवस होती. ताप उतरला, शुद्ध आली, डाव्या कानाने मात्र कमी ऐकू येऊ लागलं. त्या दिवसांतल्या सुया तेवढ्या तिला नीट आठवतात. हाताच्या शिरा सापडत नसत. एकदा पाच ठिकाणी टोचून झाल्यावर चंद्रिका सिस्टरनी वरच्या मजल्यावरून टॉर्चसारखं एक यंत्र मागून आणलं. त्याचा हिरवा प्रकाश हातावर पडला आणि कातडीवर काळ्या रेषा उमटल्या. सुई पहिल्या खेपेला लागली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, ते आधीच का नाही आणलं? दक्षानं सिस्टरना फोन केला. हॉस्पिटलात तसं एकच यंत्र होतं, आणि ते बहुतेक वेळ तान्ह्या बाळांसाठी लागायचं. मग दुसरं आपण द्यायचं, असं त्या घरात ठरलं. आधी कोण बोललं, ते आता कुणालाच आठवत नाही.

दर्शननं ओळखीच्यांपासून पैसे गोळा करायला सुरुवात केली. लोक मदत करायचे, पण रुचिताकडे बघून चुकचुकायचे. ती आत निघून जायची. शेवटी तीच म्हणाली, "पप्पा, माझ्याबद्दल नका सांगू. ते यंत्र दाखवा."

वापीच्या एका विक्रेत्यानं दाखवण्यापुरतं एक यंत्र आठवडाभर दिलं. रविवारी दक्षानं गावकऱ्यांना शाळेत बोलावलं, वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला, आणि रुचिता यंत्र धरून उभी राहिली. देवजी नावाच्या शेतकऱ्यानं दोन्ही हात पुढे केले आणि विचारलं, की दोन्हीकडच्या शिरा सारख्या का नाहीत? रुचितानं सरळ सांगितलं, की तिला माहीत नाही. मग रांगेतल्या सगळ्यांनी आपापले हात ताडून पाहिले. एकाचेही जुळेनात. कुणीतरी गावातल्या जुळ्या बहिणींना बोलावून आणलं, तर त्यांच्याही शिरा वेगळ्या. दोन तास देणगीचा विषयच निघाला नाही. जाताना मात्र दारातल्या डब्याकडे सगळे वळले.

त्याच आठवड्यात सायवन गावातही यंत्र दाखवलं, तिथे नवशी नावाची म्हातारी आली. जन्मभर भाताची लावणी करून तिचे हात काळे, भेगाळलेले झाले होते. यावर काही दिसेल का, अशी रुचिताला धाकधूक होती. आधी काहीच दिसलं नाही. तिनं यंत्र थोडं वर नेलं, हात स्थिर धरला, आणि मनगटापासून बोटांकडे जाणारी जाड रेषा दिसू लागली. नवशीनं मूठ मिटली, उघडली.

"हे रक्त आत सारखं चालूच असतं?"

"झोपेतसुद्धा," रुचिता म्हणाली.

नवशीनं ते शेजारणीला समजावून सांगितलं आणि कनवटीची गाठ सोडली.

पाच महिन्यांनी नवं यंत्र घेऊन तिघं हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांच्या खोलीत त्यांच्या स्वागताला फुलं आणून ठेवली होती. पण वॉर्डात चार वर्षांच्या चिमीला सलाईन लावायचं होतं, म्हणून सिस्टरनी खोकं तिथेच फोडलं. वॉर्डातला तो औषधांचा ओळखीचा वास येताच रुचिता दारातच थांबली. चिमी रडत होती. हातावर हिरवा प्रकाश पडला तशी ती गप्प झाली.

"हे काय आहे?"

सिस्टर शीर शोधण्यात गुंतल्या होत्या. दक्षानं लेकीकडे पाहिलं. रुचिता आत गेली, कॉटपाशी वाकली.

"ते तुझ्याच हातात होतं," ती म्हणाली. "दिसत नव्हतं, एवढंच."

चिमीनं दुसरा हात पुढे केला. त्यातही आहे का, हे तिला बघायचं होतं. तोवर पहिल्या हातात सुई बसली होती. वरून चिकटपट्टी लावताना मात्र ती पुन्हा रडली.