चारीवरून उडी

अंपायर रंगनाथ सरांनी डावा हात आडवा बाहेर काढला आणि चेंडू टाकणारी प्रज्ञा जागीच थांबली. चेंडू तर सरळ गेला होता. तरी सरांनी पिचिंग चुकीचं ठरवलं. बॅट धरलेल्या पोरीच्या खात्यात फुकटचा बॉल चढला आणि पहिल्या बेसवरची पोर आरामात चालत दुसऱ्या बेसवर गेली. पुढच्या चेंडूलाही तोच हात बाहेर आला. आता ती पोर तिसऱ्या बेसवर होती. आणखी एक चूक झाली की ती अशीच चालत होमला येणार आणि बरोबरी होणार.

शहाण्णव सालचा डिसेंबर, नगरचं मैदान, शालेय जिल्हा सॉफ्टबॉल स्पर्धेची फायनल. सातवा, म्हणजे शेवटचा डाव. प्रज्ञाच्या शाळेच्या, देवळाली प्रवऱ्याच्या पोरी एका रननं पुढे होत्या आणि नगरच्या दोघी बाद झाल्या होत्या. तिसरी बाद झाली की देवळाली पुण्याला, विभागाच्या सामन्यांना जाणार. प्रज्ञा दहावीत होती. पुढच्या वर्षी तिला ना ही शाळा, ना हा संघ. आज हरलो तर आपलं खेळणंच संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ही आग लावली होती नगरच्या छगन सरांनी. सहा डाव त्यांच्या पोरींना प्रज्ञाचा चेंडू धड दिसला नव्हता. शेवटी सरांनी चेंडूचा नाद सोडून तिचा पाय बघितला आणि थेट अंपायर गाठला. माणूस खडूस खरा, पण खोटं बोलत नव्हता. चेंडू टाकताना उजवा पाय जमिनीत ठोकलेल्या पट्टीवरून निघाला की तो जमिनीला घासतच पुढे आला पाहिजे, असा नियम. प्रज्ञाचा पाय उचलायचा, हवेतून पुढे जाऊन पुन्हा टेकायचा आणि तिथून ती नव्यानं रेटा द्यायची. म्हणजे सगळ्यांनी पट्टीवरून टाकायचं आणि हिनं पार पुढं येऊन. रंगनाथ सरांनी बुटाच्या टोकानं मातीत रेघ ओढून तिला दाखवलं आणि पुन्हा झालं तर रन देईन, असं बजावलं.

देवळालीच्या भाऊसाहेब सरांनी टाइम मागितला. सर गुणी, पण त्यांनी जन्मात कधी पिचिंग केलं नव्हतं. सावकाश टाक, घाबरू नको, एवढंच दोनदा सांगून ते परत गेले. मागे राहिली पूजा, तिचा चेंडू झेलणारी कॅचर. तिनं तोंडावरची जाळी वर केली.

"उडी मारल्याबिगर मला टाकताच येत न्हाई," प्रज्ञा म्हणाली.

पूजानं खाली बघितलं. "हितं चारी न्हाई, प्रज्ञे."

प्रज्ञा तिच्याकडे बघतच राहिली. शाळेला मैदान नव्हतं, म्हणून सराव पूजाच्या घरच्या पडीक रानात चालायचा. बाभळीच्या कुंपणाला लागून पट्टी ठोकलेली आणि तिच्या पुढ्यातच पाण्याची चारी, पूजाच्या उसाला जाणारी. पहिल्या दिवशी बाकीच्या पोरी त्या पाण्यात पाय बुडवून खिदळत होत्या. बांधावर पूजाची आजी राहीबाई बसली होती. तिनं एकट्या प्रज्ञाला सांगितलं, "तू पान्यात पाय नगं घालू गं. वरनं जा." कारण तिनं सांगितलं नाही. बौद्ध वस्तीतल्या पोरीला ते सांगावं लागत नाही. प्रज्ञा वरून गेली. दोन वर्षं रोज गेली, चारी कोरडी असली तरी गेली. त्या उडीनं चेंडूला वेग आला आणि सगळ्यांनी वाहवा केली. उडी कशासाठी होती, हे ती स्वतःच विसरली होती.

"तू ऐकलं हुतंस," ती म्हणाली.

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"भ्याले," पूजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आता घाल पाय पान्यात."

प्रज्ञाला तिचा राग आला. पण अंपायर खेळायला सांगत होते आणि तिसऱ्या बेसवरची पोर पुढं सरकून वाट बघत होती. प्रज्ञानं दोन्ही पाय पट्टीवर ठेवले, हात जुळवले आणि समोर चारी आहे असं धरलं, काठोकाठ भरलेली. मग तिनं पायाचा अंगठा त्यात घातला आणि ओढला.

चेंडू भलतीकडे आपटला. पूजानं आडवं पडून तो छातीवर घेतला, नाहीतर तिथंच बरोबरी झाली असती. तीन बॉल, चौथा झाला की बॅटवाली फुकट बेसवर. पण डावा हात बाहेर आला नव्हता. दुसरा चेंडू हळू गेला, पण स्ट्राइक; अशा तीन झाल्या की बॅटवाली बाद. तिसऱ्याला बॅट लागली आणि चेंडू रेषेबाहेर गेला, दोन स्ट्राइक. भाऊसाहेब सरांनी डोळे मिटून घेतले होते. प्रज्ञानं पुन्हा पाय ओढला, या वेळी रागानं, पाणी उपसून काढावं तसा. मातीत लांब चर पडला. बॅट हवेत फिरली आणि चेंडू पूजाच्या हातमोज्यात थाडकन बसला.

पोरी नाचल्या, सर रडले. प्रज्ञा आधी रंगनाथ सरांच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो खालीच होता.

पुण्याला जायचं म्हणून सोमवारी पुन्हा सराव सुरू झाला. उसाला पाण्याची पाळी होती, चारी भरून वाहत होती, राहीबाई बांधावर होती. प्रज्ञा पट्टीवर उभी राहिली. तिनं हात फिरवला आणि पाय पाण्यातून या कडेपासून त्या कडेपर्यंत घासत नेला.

राहीबाई उठून उभी राहिली. ती काही बोलायच्या आत पूजा पलीकडून म्हणाली, "नियमच तसा हाय, आजी. पाय उचलला की चूक धरत्यात."

म्हातारी पाण्याकडे बघत पुन्हा बांधावर बसली. प्रज्ञानं दुसरा चेंडू घेतला आणि पुन्हा पाय घातला. पाणी गढूळ झालं आणि तसंच उसाकडे गेलं.