उजव्या बाजूचा स्क्रू

सासऱ्यांच्या जिभेला हाड नव्हतं. सुनेने फाटकाच्या खांबावर गाडी घातली, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पाय आहे की ओंडका? ब्रेक वेळेवर दाबायचा असतो." तिने किल्ली खिळ्याला अडकवली, ती दोन महिने झाले तरी पुन्हा हातात घेतली नाही. ती बसने कामाला जाते.

आज त्याच खांबापाशी ब्रेक दाबताना त्यांचा स्वतःचा पाय तळाला टेकला, आणि गाडी वीतभर अलीकडे कशीबशी थांबली.

त्यांनी मागचं डावं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ठोकून सोडवला. आतला स्क्रू पुसून पाहिला, तर त्यावर उजव्या बाजूची खूण. ब्रेक झिजतो तसा हा स्क्रू फिरून तो घट्ट ठेवतो. पण दोन्हीकडचे आटे एकमेकांच्या उलटे असतात. अदलाबदल झाली की तोच स्क्रू ब्रेक सैल करत जातो. आणि सुनेची गाडी खांबावर जाण्याआधी हे स्क्रू बसवले होते त्यांनीच, दोन्ही चाकं एकदम उघडून, सगळे भाग एकाच वर्तमानपत्रावर पसरून. तेव्हा टॉर्च धरून उभी असलेली सून म्हणाली होती, "बाबा, एकेक बाजू करू या ना, गोंधळ होईल."

"मला नको शिकवूस," ते म्हणाले होते.

आता ती पिशवी घेऊन बाहेर आली. "सापडलं का काही?"

"जुनी गाडी. झिजलंय सगळं," मान वर न करता ते म्हणाले.

तिने त्यांच्यापुढे पसरलेल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं, मग जागच्या जागी असलेल्या उजव्या चाकाकडे.

"आज एकच बाजू उघडलीत," ती म्हणाली, आणि बस गाठायला निघाली.