पाणी समोरून

आमच्या मालकांनी तीसएक पावसाळे सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले, पण त्या दरवाजांतून पडणारं पाणी समोरून एकदाही पाहिलं नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसणाऱ्यांना धरणावरची नोकरी माहीत नसते, म्हणून मी समजावून सांगते, आणि समजावता समजावता मलाच पुन्हा राग येतो.

दरवाजे उघडणारा माणूस धरणाच्या माथ्यावर असतो, मोटारीजवळ. त्याची नजर काट्यावर, कान मोटारीच्या आवाजाकडं आणि साहेबांच्या फोनकडं. दरवाजा किती उचलला ते काटा सांगतो. पाणी पडतं ते त्याच्या पायाखाली. वाकून बघितलं तर फेस दिसतो, अंगावर तुषार येतात, बस. दरवाजे उघडे आहेत तोवर जागा सोडायची नाही. भाकरीसुद्धा मी फडक्यात बांधून वर पाठवायची. दरवाजे बंद झाले की हे घरी येऊन असे झोपायचे की उठेपर्यंत नदी गुमान आपल्या जागी गेलेली असायची.

मी अंगणवाडीत सेविका होते. दरवाजे उघडायच्या आधी धरणावर भोंगा होतो, खालच्या गावांनी नदीतून बाजूला व्हावं म्हणून. भोंगा झाला की मी लेकरं मदतनीस बाईवर सोपवायची आणि कॉलनीतल्या बायकांबरोबर खालच्या अंगाच्या टेकाडावर जायची. पूर्णामाईला नवं पाणी आलं की तिची ओटी भरतात आमच्याकडं. खण, नारळ, हळदकुंकू, मूठभर तांदूळ. आधी लांबून नमस्कार करायचा, आणि पाणी उतरलं की ओटी काठावर ठेवायची. पण खरं सांगते, ओटी हे निमित्त. मी जायचे ते पाणी बघायला. दर वर्षी बघायचे आणि दर वर्षी माझं तोंड उघडंच राहायचं.

हे घरी आले की यांना सांगायचे. असं झालं, तसं झालं, पोटात घुमलं, पायाखालची माती हलली. हे भाकरी मोडत म्हणायचे, "पाणीच हाय ते. सोडलं की पडतंय."

"तुमी एकदा समोरून बघा मंग बोला."

"मंग वर कोण, तुझा भाऊ बसंल का?"

माझा भाऊ मेंढरं राखतो.

निवृत्त झाल्यावर कॉलनीतली खोली सोडली आणि आम्ही गावात दोन खोल्या बांधल्या. पहिल्याच पावसाळ्यात समोरून पाणी बघायचं असं ठरवलं, तर नेमकं तेव्हाच लेकीचं, शिवकन्येचं, बाळंतपण आलं आणि आम्ही हिंगोलीला. दुसऱ्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही. यांना काही त्याचं सुखदुःख नव्हतं. माणूस निवृत्त झाला तरी ड्युटी अंगातून जात नाही. पहाटे उठून घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना ग्रीस लावायचे. आमच्या घराची दारं इतकी गुळगुळीत फिरतात की मांजर आत आलेलं कळत नाही.

दुपारचा चहा झाला की आमची चल्लस. ओट्यावर खडूनं पट आखायचा, पाच घरं उभी, पाच आडवी. चार कवड्या. सोंगट्या म्हणून त्यांचे हरभरे आणि माझे चिंचोके. खेळात हे महाभांडखोर. माझा चिंचोका मारायची संधी मिळाली की असे ओरडायचे की शेजारची शालूबाई भिंतीवरून डोकावायची, कोणाला इंचू चावला का म्हणून.

या उन्हाळ्यात एकदा माझा चिंचोका पटाच्या कडेच्या घरात, अगदी त्यांच्या हरभऱ्याच्या तोंडाशी आला. पडलेल्या दानात सहज मेला असता. त्यांनी मारला नाही. मला वाटलं, म्हातारपणी माया आली वाटतं. पुढच्या डावातही तसंच. त्यापुढच्या डावातही तेच झालं. मी खेळ थांबवला आणि विचारलं, "माझा चिंचोका कुठं हाय, सांगा बरं."

त्यांनी तो शोधायला पटावरून सबंध मान फिरवली. आधी इकडं, मग तिकडं. हातभर अंतरावरच्या चिंचोक्यासाठी. मी तिथूनच शिवकन्येला फोन लावला.

शिवकन्येनं त्यांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली होती. समोरचं दिसत होतं, पण नळीतून बघितल्यासारखं. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. उरलेली औषधानं टिकवायची, किती टिकेल ते सांगता येत नाही. हे सगळं ऐकून घेताना आमच्या मालकांनी एकच गोष्ट विचारली, "डोळ्यात थेंब कुणी टाकायचे?" डॉक्टर म्हणाले, "बाई टाकतील." मग त्यांना काही काळजी राहिली नाही.

येताना गावाजवळ आल्यावर गाडीच्या खिडकीतून धरणाची भिंत दिसायला लागली. भिंत एका नजरेत मावत नव्हती, म्हणून ते मान हळूहळू फिरवत राहिले. मग म्हणाले, "औंदा भरंल का गं धरण?"

एवढंच. पण ज्या माणसानं उभ्या जन्मात धरण भरण्याची वाट बघितली नाही, त्यानं ते विचारलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. यंदा दरवाजे उघडले पाहिजेत, आणि त्या वेळी मी यांना समोर उभं केलं पाहिजे. पुढच्या वर्षाचा भरवसा डॉक्टरांनाच नव्हता, तिथं मी कुठून देणार?

पाऊस बरा झाला. वरच्या येलदरी धरणाचं पाणी यायला लागलं. धरणावर आता रूपसिंग आहे, यांच्याच हाताखाली शिकलेला. मी त्याला रोज फोन करून पाणी किती चढलं ते विचारायची. त्याची बायको म्हणे त्याला म्हणाली, "शकुकाकू तुमच्या साहेब हायत का?" म्हणू दे. भाद्रपदात एका सकाळी त्याचाच फोन आला. "काकू, आज दुपारून उघडून राहिलो. काकाला घेऊन लवकर या. पहिला लोट चुकवू नका."

पहिला लोट म्हणजे काय ते मला माहीत आहे. दरवाजे चार-पाच दिवस उघडे राहतील, पाणी पडत राहील. पण कोरड्या सांडव्यावर पाणी पहिल्यांदा येतं ते एकदाच. नंतर जो येतो तो नुसता चालू नळ बघतो.

आम्ही रिक्षानं गेलो, शालूबाईही बरोबर आली. मी ओटीची पिशवी घेतली, यांना नवं धोतर नेसायला लावलं. "लगीन हाय का कुणाचं?" असं म्हणत का होईना, नेसले. टेकाडावर माणसं जमली होती. मी माझी नेहमीची जागा धरली, यांना बरोबर सांडव्याच्या समोर उभं केलं आणि बजावलं, "हितून हलायचं न्हाई." मग खाली बसून पिशवीतून खण काढायला लागले.

तेवढ्यात भोंगा झाला.

मी नारळाला कुंकू लावून मान वर केली तर जागेवर मालक नाहीत. नदीच्या पात्रात ढोरं घेऊन आलेली माणसं घाईनं वर येत होती, पोलीस शिट्ट्या मारत होते, सगळी माणसं धरणापासून लांब सरत होती. आणि त्या सगळ्यांच्या उलट्या दिशेनं एक नवं धोतर धरणाकडं झपाझप चाललं होतं.

भोंगा झाला की दुनियेनं लांब जायचं आणि आपण वर जायचं, हे त्यांच्या पायात इतकं भिनलेलं होतं की डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. माझा असा संताप झाला म्हणता! ओटी तशीच शालूबाईच्या पदरात टाकली आणि धावत सुटले. या वयात, या गुडघ्यांनी. "अवो, थांबा! तुमची ड्युटी न्हाई ती!" ओरडून ओरडून घसा बसला. आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

गाठले तेव्हा ते भिंतीवर जाणाऱ्या वाटेच्या फाटकाशी नव्या पहारेकऱ्याशी भांडत होते.

"अरे, भोंगा झाला. वर जाऊ दे मला."

"बाबा, आत जाता येत न्हाई."

"काहून न्हाई? दरवाजे कोण उघडंल?"

"रूपसिंग उघडंल," मी मागून म्हणाले. धाप लागल्यामुळं शब्द तुटत होते. "तुमचा रूपसिंग. चला खाली. पहिला लोट जाईल ना!"

ते माझ्याकडं वळले. मला शोधायला त्यांना मान बरीच फिरवावी लागली. मग फाटकाकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा ओशाळला की माझा राग कुठल्या कुठं गेला. "पाय आले गं," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि उतारावरून ओढत निघाले. टेकाड अजून लांब होतं. अर्ध्या वाटेत होतो, तोच वर मोटार सुरू झाल्याचा घुर्र आवाज आला. यांनी तो लगेच ओळखला आणि जागच्या जागी थांबले. "उचलला," म्हणाले.

झालं. आता टेकाड गाठणं शक्य नव्हतं. मी भोवती बघितलं. वाट तिथं वळली होती, कडेला दगडी कठडा होता, आणि मधली झाडं तोडलेली होती. समोर सगळा सांडवा उघडा पडला होता. माझ्या नेहमीच्या जागेपेक्षाही जवळ. तिथंच यांना कठड्याशी उभं केलं.

आधी दरवाजाच्या बुडाशी फक्त एक पांढरी रेघ दिसली, पिठाच्या बोटानं ओढल्यासारखी. मग ती जाड झाली. मग फुटली. पाणी कोरड्या उतारावरून खाली आलं ते धावत नाही, कोसळतही नाही, दोन्ही एकदम. खाली आपटून पुन्हा झाडाएवढं वर उसळलं. आवाज आधी पायांत आला, मग पोटात, आणि कानात सगळ्यात शेवटी. सांडव्याच्या दगडांवर बसलेले बगळे सगळे एकदम उठले. गढूळ लोट, वरून पांढरा, आतून तांबूस, पात्रातली झुडपं वाकवत पुढं गेला. दर वर्षी बघते मी हे. तरी माझे हात आपोआप जोडले गेले.

मग यांच्याकडं बघितलं. हे ताठ मानेनं एका जागी बघत होते, बंद असलेल्या दरवाजाकडं. पाणी त्यांच्या नळीच्या बाहेर पडत होतं.

मग मी जे केलं ते आमच्याकडं कुठली बाई चारचौघांत करत नाही. मी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि वळवलं.

"हितं बघा. हा पहिला."

त्यांचे ओठ उघडे राहिले.

"आता हिकडं. हा दुसरा, आत्ता फुटून राहिला. आता खाली बघा, जिथं उसळतंय. आणखी खाली. आता नदीकडं चला, हळूहळू, त्याच्या मागं मागं."

मी मान फिरवत गेले आणि ते बघत गेले. एका वेळी एक तुकडा. जे मला एका नजरेत दिसत होतं ते मी त्यांना घासाघासानं भरवत होते. तुषार वाऱ्यावर आमच्यापर्यंत आले. त्यांचे गाल माझ्या हातात ओले झाले, आणि ते सगळंच धरणाचं पाणी नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. रूपसिंगनं दरवाजे आणखी वर घेतले असावेत, कारण माती जास्तच हलायला लागली. यांनी माझ्या हातातून मान सोडवली नाही. नुसतं विचारलं, लहान लेकरू विचारतं तसं, "हे मी करत व्हतो?"

"व्हय," मी म्हणाले. "दरसाल."

"हे सगळं?"

"हे सगळं. तुमीच."

ते पुन्हा बघत राहिले. तीसएक वर्षं हा माणूस समजत होता की आपण काटा बघतो आणि बटण दाबतो. तेवढ्यावर पगार घेतला, तेवढ्यावर निवृत्त झाला, शाल-श्रीफळ घेऊन घरी आला. आणि आज त्याला कळलं की आपण काय उघडत होतो. मला वाटलं होतं, "मी सांगत नव्हते?" असं चांगलं ठणकावून म्हणीन. ते राहूनच गेलं.

मी हात काढले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांचा हात हवेत चाचपडायला लागला.

"कुठं गेलीस?"

"हितंच हाय. बाजूला."

"समोर ये."

"समोर आले तं पाणी दिसायचं न्हाई तुमाला."

"पाणी बघितलं," ते म्हणाले. "तू ये."

मी कठड्याच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पाणी माझ्या पाठीमागं गर्जत होतं आणि मला ते दिसत नव्हतं. हे माझ्याकडं बघत होते, पाण्याकडं बघत होते तसंच, तोंड उघडं ठेवून. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मान हळूहळू फिरवत. मला लाज वाटली आणि मी म्हणाले, "पुरे आता, लोक बघून राहिले." पण मी हलले नाही.