मावशी आणि वर्गातला पुतळा

बारा वर्षं मी वॉर्डात आया होते. पेशंटला कुशीवर वळवणं, चादर बदलणं, बेडपॅन, सगळं डोळे मिटून करते. त्यामुळे अॅम्ब्युलन्सवर काम करायच्या प्रशिक्षणाला पहिल्यांदा वर्गात बसले तेव्हा मनात म्हटलं, हे मला काय शिकवणार! वर्गातले सगळे माझ्या निम्म्या वयाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मावशी करून टाकलं.

पण पास होणं भागच होतं. गाडीवरच्या भरतीला वयाची अट पंचेचाळीस, आणि पुढच्याच महिन्यात मी ती ओलांडणार. नापास झाले की जन्मभर बेडपॅनच.

पहिल्या आठवड्यात मास्तरांनी प्लास्टिकचा पुतळा जमिनीवर निजवला. "माणूस बेशुद्ध आहे. करा काय ते."

मी लगबगीनं गेले, शेजारची उशी उचलली आणि त्याच्या डोक्याखाली सरकवली.

"मावशी, मारलंत की त्याला! उशीनं मान वाकली, श्वासाची वाट बंद."

वर्ग खो खो हसला. मला असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं मायेनं उशा दिल्या त्या काय उगाच? पण मास्तरांचं बरोबर होतं, आणि तेच जास्त झोंबलं. मग रोज संध्याकाळी आमच्या ह्यांना सतरंजीवर आडवं करायचं. कपाळ मागे, हनुवटी वर.

"अगं, जिवंत आहे मी!" हे वैतागायचे.

"गप पडून राहा," मी म्हणायचे.

परीक्षा घ्यायला भरती करणाऱ्या डॉक्टरीणबाईच आल्या. पुतळ्याशेजारी मुद्दाम उशी ठेवलेली. मी ती सरळ लाथेनं उडवली. हाका मारल्या, खांदे हलवले, श्वास नाही. मदतीसाठी ओरडले आणि छाती दाबायला लागले. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे, पुन्हा तीस. घामानं पाठ भिजली.

"झाली वेळ. थांबा," बाई म्हणाल्या.

मी दाबतच राहिले.

"थांबा म्हटलं ना!"

"ह्याचा श्वास आलेला नाही, बाई," मी धापा टाकत म्हटलं. "दुसऱ्या कुणाचे हात आल्याशिवाय मी माझे काढणार नाही. नापास करायचं तर खुशाल करा!"

मागे मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. पण माझे हात थांबेनात.

बाईंनी कागद बाजूला ठेवले. माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या आणि पुतळ्याच्या छातीवर तळहात ठेवले.

"सोडा आता, मी घेतलं," त्या म्हणाल्या, आणि खरंच दाबायला लागल्या. "सोमवारी गाडीवर हजर व्हा."