निळ्या दिव्याखालचं मांस

नारीन शहरातल्या दवाखान्यात सैराकानला धड बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. आत तिचा नवरा इशेन सकाळपासून ओकून ओकून अर्धा झाला होता. त्यात हृदय आधीच नाजूक.

डॉक्टर ऐदाय बाहेर आली. मुलीच्या वयाची पोर.

"आपा, काल काय खाल्लं त्यांनी?"

"घोड्याचं मांस. बहिणीकडच्या जेवणावळीतला वाटा."

जेवणावळीतून आणलेला वाटा टाकायचा नसतो, घरची बरकत जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शिजवलेलं मांस दिवसभर उन्हातल्या मिनीबसमध्ये पिशवीत उबलेलं. मग सैराकानबाईंनी अक्कल चालवली. बालवाडीत स्वयंपाक करताना तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं: निळा दिवा लावायचा, सगळ्यांनी खोलीबाहेर व्हायचं, जंतू खलास. बालवाडी बंद पडली तेव्हा तो दिवा तिने मागून घरी आणला होता. त्याच्याखाली तिने मांसाची परात तासभर ठेवली. स्वतःचा दात ठणकत होता, म्हणून ती चहापावावर राहिली. इशेनने नाक मुरडलं तर त्यालाच दटावलं, "नखरे पुरे झाले. दिव्याखालून काढलंय." बिचारा मुकाट जेवला.

ऐदायने सगळं ऐकून घेतलं. "आपा, उजेड पडतो तिथलेच जंतू मरतात हो. तुकड्यांच्या खाली, चरबीच्या आत तो पोचतच नाही. आणि जंतूंनी सोडलेलं विष दिव्याने जात नाही, गरम करूनही जात नाही."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं सैराकानला वाटलं.

"मग आता गं?"

"सलाईन लावलंय. हृदयाने साथ द्यायला हवी. आणखी कोणी खाल्लंय का?"

 वाटा एकट्याने खायचा नसतो. काल संध्याकाळीच सैराकानने शेजारच्या जिपारला वाडगं भरून दिलं होतं. तिने लगेच फोन लावला.

"आपा, इशेन आजोबा कसे आहेत?" जिपार म्हणाली. "तुमचं मांस जपून ठेवलं होतं हो. पोरींनी आत्ताच फस्त केलं. धाकटी अजून मागतेय."

"पोरींना घेऊन दवाखान्यात ये."

"आजोबांना भेटायला? येते की संध्याकाळी."

"आत्ता ये," सैराकान म्हणाली. कशाला, ते मात्र तिच्या तोंडून निघेना.