इंजिनातला जिन आणि पंधरा अँपिअरचा फ्यूज

“दारं लावून घ्या! इंजिनातला जिन लाजाळू असतो. माणसं दिसली की दडून बसतो!”

अक्सकाल म्हणून मान मिळवलेले, पांढऱ्या दाढीचे अलिमकुल यांनी असं बजावताच काराकोल गावच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातली शे-सव्वाशे माणसं दोन पावलं मागे सरली. मागच्यांनी टाचा उंचावल्या. समोर लालभडक, बुटकी, शेपटीवर पंख मिरवणारी जपानी हॅचबॅक उभी होती. अक्सकालांनी तिच्याभोवती अर्चा नावाच्या सुगंधी झाडाच्या फांदीचा धूर फिरवला, मखमली चोगा सावरत ते एकटेच आत बसले आणि काचा वर केल्या. आतून पुटपुटणं ऐकू येऊ लागलं.

पाच मिनिटांनी दार उघडलं. “चालू कर, बाळा.”

गाडीचा मालक रीसबेक याने किल्ली फिरवली. गेले पंधरा दिवस डोळे वटारून बसलेला इंजिनाचा पिवळा दिवा क्षणभर पेटला, आणि गेला तो गेलाच.

“गेला! जिन गेला!” गर्दीने एकच कल्ला केला.

“लाल गाडी म्हटल्यावर नजर लागणारच,” अक्सकाल दाढी कुरवाळत म्हणाले. “टर्बोवर शेजाऱ्याची लागली होती. आणि दुसरा गिअर कुरकुरतो ना? बायकोच्या माहेरचं कोणीतरी जळतंय. चार हजार सोम ठेव इथे.”

रीसबेकने ठेवले. शेजारी कोटाच्या खिशात हात घालून उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीकडे, त्याच्या ‘एजे’ बुरुलकानकडे, त्याने विजयी मुद्रेने पाहिलं. “पाहिलंस, एजे? मिस्त्री नव्वद हजार मागत होता. इथे चार हजारांत काम!”

गावातल्या तंत्रशाळेत बुरुलकान सव्वीस वर्षं गाडीची वीज शिकवत होती. न कळणाऱ्या गोष्टीवर ताबडतोब मत द्यायचं नाही, ही सवय त्यातूनच लागलेली. तिने फक्त एवढंच विचारलं, “गाडी घेतलीस तेव्हा दिवा होता का रे?”

“छे! आठवड्याने लागला.”

“असं होय,” बुरुलकान म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दिवा पुन्हा हजर झाला. बुरुलकान भावाच्या अंगणात गेली तेव्हा तो गाडी गरम करत होता आणि थंड इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येत होता.

“ही टायमिंग चेन सैल झालीय, रीसबेक. मिस्त्री खोटं बोलत नव्हता. सोमवारी बायकोला आणि पोरींना घेऊन या गाडीतून घाट चढणार आहेस तू?”

“मेव्हण्याच्या लग्नाला काय चालत जाऊ?” रीसबेक उखडला. “अक्सकालांना फोन केला होता मी. म्हणाले, घरात कोणीतरी शंका घेतली म्हणून जिन परतला. आता दुसरा विधी. बोकड लागेल.”

“शंका कोणी घेतली म्हणे?”

“नाव नाही सांगितलं. पण शिकलेली बाई आहे म्हणाले.”

बुरुलकानला हसू आवरेना. भांडून उपयोग नव्हता. चार लाख वीस हजारांना घेतलेल्या गाडीवर आणखी नव्वद हजार घालायचे, यापेक्षा जिन परवडला असं त्याला वाटणं साहजिकच होतं. ती नुसतं “बरं, मीही येते” म्हणाली.

रविवारी सकाळी रीसबेक आत पाव-चहा घेत होता. तेवढ्यात बुरुलकानने गाडीचं दार उघडलं, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि एक चिमुकला निळा फ्यूज उपटून खिशात टाकला. त्या गाडीत सिगारेट पेटवायचं भोक आणि इंजिन तपासायचं सॉकेट एकाच फ्यूजवर चालतात. हे ती दरवर्षी वर्गात सांगायची आणि निम्मा वर्ग दरवर्षी विसरायचा.

मग मागच्या सीटवर बोकड चढला. पंख लावलेल्या त्या शर्यतीच्या गाडीतून बोकडाचं तोंड खिडकीबाहेर काढून ही वरात बाजारात पोचली, तेव्हा मागच्या वेळेपेक्षा दुप्पट माणसं जमली होती.

बोकड उतरला, धूर झाला, दारं लागली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पुटपुटणं चढत गेलं. आत अक्सकाल चोग्याच्या बाहीत सारखं डोकावत होते. पंधराव्या मिनिटाला ते घामाघूम होऊन बाहेर आले.

“जिन हट्टी आहे! इथे कोणीतरी अविश्वासी उभं आहे!”

“मीच असेन,” बुरुलकान म्हणाली. “मी त्या टायरवाल्यांच्या पलीकडे जाऊन उभी राहते. तुम्ही खुशाल चालू द्या.”

ती गेली. अक्सकाल पुन्हा आत बसले आणि पुन्हा घाम पुसत बाहेर आले. दिवा ढिम्म.

“आता शंका कोणाची?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

“बोकडाची असेल!” दुसरा ओरडला, आणि हशा पिकला.

बुरुलकान परत आली. तिने खिशातून फ्यूज काढून उंच धरला. “अक्सकाल, तुमचा जिन हा तर शोधत नाहीये ना? पंधरा अँपिअरचा आहे.”

बुरुलकानने वाकून फ्यूज जागेवर बसवला. त्याबरोबर स्टिअरिंगखालच्या अंधारात बारीक निळा दिवा लुकलुकू लागला. तिने हात घालून काडेपेटीएवढी एक डबी ओढून सगळ्यांना दाखवली.

“हे काय?”

“ता... तावीज आहे.”

“तावीजाला निळा दिवा? आणि बाहीतला फोन कशाला? देवाशी बोलायला?”

रीसबेक पुढे झाला आणि त्याने बाहीतला फोन काढून घेतला. बुरुलकानने डबी पुन्हा सॉकेटात बसवली आणि गर्दीतल्या चहावाल्या कुलीपा आजीला जवळ बोलावलं. “आजी, या फोनवर ‘पुसा’ लिहिलंय, तिथे बोट ठेवा.”

आजीने ठेवलं. रीसबेकने किल्ली फिरवली. पिवळा दिवा पेटला आणि विझला.

“अगं बाई!” आजी म्हणाली. “मी पण अक्सकाल झाले की!”

हसणं ओसरल्यावर बुरुलकान बोलली. “बिघाड झाला की गाडी तो लिहून ठेवते आणि दिवा लावते. ही डबी फोनच्या हुकुमाने लिहिलेलं पुसते. बिघाड तिथेच राहतो. चार-सहा दिवसांत गाडी पुन्हा तेच लिहिते. विकणारे दिवा पुसून गाड्या विकतात, आणि मग तोच दिवा पुसायचे हे गृहस्थ पैसे घेतात. डबी बाजारात पंधराशेला मिळते.”

“माझे सहा हजार गेले!” एक टॅक्सीवाला ओरडला. मग एकेकाचे आकडे बाहेर पडू लागले. अक्सकालांना चोग्याच्या आतून नोटांची पुडी काढावी लागली, आणि ती वाटून होईपर्यंत टायरवाल्यांनी त्यांना जागचं हलू दिलं नाही.

रीसबेक गाडी तिथूनच मिस्त्रीकडे घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत इंजिनाचं झाकण उघडलं. चेन लोंबत होती, तिला धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी तुटून तिचे तुकडे तेलाच्या टाकीत पडले होते. तिथे आलेल्या रीसबेकच्या बायकोने, जिपारने, ते तुकडे हातात घेतले.

“ही घाटात तुटली असती तर?”

“इंजिन जागच्या जागी बंद,” मिस्त्री म्हणाला. “स्टिअरिंग जड, ब्रेक जड. बाजूला दरी.”

रीसबेकने मान खाली घातली. चेनचे अठ्ठेचाळीस हजार त्याने लगेच कबूल केले. दुसऱ्या गिअरची कडी आणि टर्बोचं पाझरणारं तेल पुढच्या महिन्यावर ढकललं, तेही मिस्त्रीने “चालेल” म्हटल्यावरच. लग्नाला सगळी मंडळी भाड्याच्या गाडीने गेली.

जुनी गाडी घेणाऱ्याला बिघाड टळत नाहीत आणि खर्चही टळत नाही. खर्चाचा आकडा ऐकून कोणाच्याही तोंडचं पाणी पळेल. स्वस्तात सुटका सांगणाऱ्याकडे पाय वळतील. पण यंत्र कोणाचा शाप ओळखत नाही आणि आशीर्वादही ओळखत नाही. त्याचं काय झिजलं, काय तुटलं, हे उघडून बघता येतं. तेव्हा दिवा लागला तर घाबरा, चिडा, मिस्त्रीशी घासाघीस करा, दुसऱ्या मिस्त्रीलाही विचारा. मात्र तो कसा विझेल हे विचारण्याआधी तो का लागला, हे विचारा.